प्लस करू की मायनस?

पत्र

नमस्कार ताई,
माझी मुलगी चौथीत आहे. इंग्रजी माध्यम, स्टेट बोर्ड. आम्ही घणसोलीला राहतो. तिचे पाढे वीसपर्यंत पाठ आहेत, बेरीज-वजाबाकी, भागाकार मांडून दिले की भराभर करते. पण शाब्दिक उदाहरण आलं की पूर्ण वाचायच्या आतच विचारते, "आई, प्लस करू की मायनस?" क्लासच्या मॅडमनी शब्दांची यादी दिली आहे: 'टोटल' आलं की बेरीज, 'मोर' आलं की बेरीज, 'लेफ्ट' आलं की वजाबाकी. यादी पाठ आहे, तरी निम्मी उत्तरं चुकतात. तिचे बाबा रविवारी एक्स मानून समीकरण शिकवायला बसतात आणि शेवट रडारडीत होतो. मी ऑफिसहून साडेसातला घरी येते, दुपारभर ती सासऱ्यांजवळ असते. ते एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला होते, हिशेबाला पक्के, पण म्हणतात, "हल्लीचं गणित मला नाही जमायचं." पुढे तिला स्कॉलरशिपला बसवायचं आहे. क्लास बदलावा का? की ती गणितात कच्चीच आहे? रविवारी दोन तास सलग बसवलं तर फरक पडेल का?
एक आई, घणसोली

उत्तर

ताई, तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला जास्त छळत असणार. ती कच्ची नाही. पाढे येतात, मांडून दिलेला भागाकार येतो, म्हणजे हिशेब करणं तिला जमतंय. अडतंय ते हिशेब मांडण्यापाशी. ते तिला अजून कुणी शिकवलेलंच नाही. उलट मांडायची गरजच पडू नये, अशी एक यादी तिच्या हातात दिलेली आहे.

आज रात्री तिला हे उदाहरण द्या. सईकडे २४ पेन्सिली आहेत. ओमपेक्षा तिच्याकडे ८ पेन्सिली जास्त आहेत. तर ओमकडे किती? बहुतेक ती ३२ म्हणेल. 'जास्त' दिसलं, बेरीज करून टाकली. पण जास्त आहेत त्या सईकडे आणि प्रश्न विचारलाय ओमबद्दल. ओमकडे २४ पेक्षा कमीच असणार. उत्तर १६. पहिली-दुसरीच्या सोप्या उदाहरणांत ती यादी बऱ्याचदा बरोबर निघते, म्हणून शिकवणाऱ्यालाही पटते आणि मुलांनाही. चौथी-पाचवीत प्रश्न काढणारे नेमका असा शब्द घालतात, की यादीवर विसंबलेलं मूल चुकावं. मॅडमशी वाद घालू नका, पण घरी ती यादी उघडू नका. याबाबतीत मी ठाम आहे.

ही सवय फक्त आपल्याकडची नाही. १९८० साली फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात गणितशिक्षणावर काम करणाऱ्या एका गटाने दुसरी-तिसरीच्या मुलांना एक प्रश्न दिला: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांचा हिशेब करून वय काढून दिलं. ती मुलं काही मंद नव्हती. शाळेत प्रश्न आला की दोन आकडे उचलायचे, मध्ये एक खूण टाकायची, हे ती शिकली होती. तुमची मुलगी वाचून संपायच्या आत "प्लस की मायनस" विचारते, तेव्हा तीही हेच करत असते.

म्हणून पहिलं काम, आकडे बाजूला ठेवायचे. उदाहरण वाचताना आकड्यांवर बोट ठेवा आणि त्या जागी 'काही' म्हणा. सईकडे काही पेन्सिली आहेत. ओमपेक्षा काही जास्त आहेत. मग तिला विचारा, "यात काय चाललंय, मला सांग." आकडेच नसल्यामुळे तिला खूण टाकता येत नाही, गोष्ट सांगावीच लागते. "कुणाकडे जास्त? आपल्याला काय ठाऊक आहे? काय शोधायचंय?" एवढे तीन प्रश्न पुरतात. 'बेरीज' आणि 'वजाबाकी' हे शब्द तुमच्या तोंडून या वेळी येऊ देऊ नका, तिने कितीही विचारलं तरी. सुरुवातीला ती चिडेल. "सांग ना पटकन" म्हणेल. तुम्ही म्हणा, "मला अजून गोष्टच कळली नाही, तू सांग."

ही गोष्ट तिने मराठीत सांगावी. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी विचार घरच्या भाषेत होऊ दे, उत्तर नंतर इंग्रजीत लिहिता येतं. शब्दरचनेने किती फरक पडतो, हे अमेरिकेतल्या टॉम हडसन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसतं. चित्रात ५ पक्षी आणि ३ किडे. "किड्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?" असं विचारल्यावर पहिलीच्या साधारण दोन तृतीयांश मुलांनाच उत्तर आलं. "सगळे पक्षी किडा पकडायला झेपावले, तर किती पक्ष्यांना किडा मिळणार नाही?" असं विचारल्यावर सगळ्यांना आलं. चित्र तेच, आकडे तेच, वजाबाकीही तीच. तिला 'डिफरन्स' अडला तर अशीच गोष्ट करा: सई आणि ओमने एकेक पेन्सिल जोडीने बाजूला ठेवली, तर कुणाच्या हातात पेन्सिली उरतील आणि किती?

आता चित्र. चौकटीच्या वहीत सईची एक लांब पट्टी काढायला सांगा. तिच्याखाली, डावी कड जुळवून, ओमची आखूड पट्टी. सईचा जो तुकडा पुढे आलाय, त्यावर ८ लिहायचे, तिच्या पूर्ण पट्टीवर २४, ओमच्या पट्टीवर प्रश्नचिन्ह. आता खूण विचारावी लागत नाही, दिसतेच. सिंगापूरने १९८० च्या दशकात प्राथमिकच्या गणितात अशा पट्ट्या आणल्या आणि तिथून त्या जगभर गेल्या. यासाठी वेगळा क्लास किंवा किट विकत घेऊ नका. पेन्सिल आणि वही पुरते.

पट्टीची खरी ताकद अवघड उदाहरणात कळते. एक वही आणि एक पेन मिळून ६५ रुपये. वही पेनपेक्षा २५ रुपयांनी महाग. पेन केवढ्याचं? मुलंच काय, मोठी माणसंही घाईत ६५ मधून २५ वजा करून ४० सांगतात. पेनची एक पट्टी काढा, खाली वहीची: पेनएवढा तुकडा आणि पुढे २५ चा तुकडा. दोन्ही मिळून ६५. तो जादाचा २५ चा तुकडा हाताने झाका. उरले ४०, आणि समोर दिसतायत सारख्या दोन पट्ट्या. म्हणजे ४० ही दोन पेनांची किंमत झाली, एक पेन २० चं आणि वही ४५ ची. तिच्या बाबांना हे नक्की दाखवा. ते एक्स मानून जे करतात तेच हे आहे, एक्सच्या जागी पट्टी आहे इतकंच. समीकरण चुकीचं नाही, पण चौथीच्या मुलीला अक्षराच्या आड दडलेली संख्या दिसत नाही, पट्टी दिसते. पुढे सहावी-सातवीत एक्स शाळेत येईल, तेव्हा या पट्टीवरच तो शिकवता येईल. तोवर बाबांनी रविवारी पट्ट्या काढायला बसावं. रडारड कमी होईल.

अपूर्णांकालाही हीच पट्टी. डब्यातल्या लाडवांपैकी एक तृतीयांश आजीने शेजारी दिले, उरलेल्यांतले निम्मे मुलांनी खाल्ले, ८ उरले. पट्टीचे तीन भाग करा. एक शेजारी गेला. उरले दोन, त्यातला एक खाल्ला. राहिलेल्या एका भागात ८, म्हणजे डब्यात २४ होते. यात 'उरलेल्यांतले निम्मे' हा शब्दप्रयोग मुलांना हमखास फसवतो, ती सगळ्या डब्याचं निम्मं धरतात. पट्टीवर एक भाग खोडला की 'उरलेले' म्हणजे नेमके कुठले ते दिसतं.

आता तुमच्या सासऱ्यांबद्दल. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ त्यांच्याबद्दलची आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. स्टोअरला काम केलेला माणूस घरात असताना हल्लीचं गणित कशाला हवं? स्टोअरच्या रजिस्टरमध्ये चार रकाने असतात: आरंभीची शिल्लक, आवक, जावक, अखेरची शिल्लक. प्राथमिक शाळेतली ढीगभर शाब्दिक उदाहरणं या चार रकान्यांत बसतात. फरक एवढाच की दर वेळी वेगळा रकाना कोरा असतो.

सासऱ्यांना सांगा, नातीला घरातल्या अंड्यांचं रजिस्टर घालून द्या. आरंभी ७, आणली १२, वापरली ५, शिल्लक १४. हे तिने रोज लिहावं, फ्रीज उघडून मोजून ताळा घ्यावा. चार-पाच दिवसांचं लिहून झालं की आजोबांनी एक रकाना हाताने झाकावा आणि विचारावं, इथे काय होतं? शेवटचा झाकला तर तिला लगेच येईल, शाळेत बहुतेक तोच विचारतात. जावक झाकली तर थोडा विचार करावा लागेल: ७ आणि १२ मिळून १९ होती, आता १४ आहेत, म्हणजे ५ वापरली. आरंभीची शिल्लक झाकली की ती अडखळेल. तिथेच थांबायला हवं, घाई करायची नाही, कारण अवघड म्हणून जी उदाहरणं परीक्षेत येतात त्यांतली कितीतरी याच रकान्याची असतात.

हे बघा. बसमध्ये काही प्रवासी होते. रबाळ्याला ९ उतरले आणि १४ चढले. आता बसमध्ये ३७ प्रवासी आहेत. आधी किती होते? यादी पाठ असलेलं मूल 'उतरले' म्हणून ३७ मधून ९ वजा करतं, 'चढले' म्हणून १४ मिळवतं आणि ४२ लिहून मोकळं होतं. रजिस्टर लिहिलेलं मूल विचार करतं की आवक १४, जावक ९, अखेर ३७, आरंभ कोरा. चढलेले १४ परत खाली उतरवले की २३, उतरलेले ९ परत आत घेतले की ३२. मग पुढून ताळा: ३२ मधून ९ गेले २३, १४ आले ३७. जमलं. स्टोअरमध्ये शिल्लक जुळली नाही की मागे मागे जाऊन शोधावं लागतं. तुमच्या सासऱ्यांनी ते नोकरीभर केलं असणार. नातीला त्यांच्याइतका चांगला शिक्षक ठाणे-बेलापूर पट्ट्यात शोधून सापडणार नाही, हे त्यांना माझ्या वतीने सांगा.

ताळ्याचा विषय निघालाच आहे तर भागाकाराच्या बाकीबद्दल लिहायला हवं, कारण तिथे हुशार मुलंही गुण घालवतात. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय चाचणीत विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? भागाकार साधारण ७० टक्के मुलांनी बरोबर केला. ३२ हे उत्तर मात्र सगळ्यांमधल्या २३ टक्क्यांनीच दिलं. बाकीच्यांतल्या अनेकांनी '३१ बस, बाकी १२' असं लिहिलं. बाकी उरलेले बारा सैनिक रस्त्यावरच राहिले, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

तिला एकच भागाकार देऊन तीन गोष्टी सांगा. २० भागिले ३. घणसोली स्टेशनवर २० पाहुणे उतरले, एका रिक्षात ३ बसतात, किती रिक्षा? सात. २० रुपये आहेत, एक चॉकलेट ३ रुपयांचं, किती येतील? सहा. २० इडल्या ३ भावंडांत सारख्या वाटायच्या, प्रत्येकाला किती? सहा पूर्ण, आणि उरलेल्या दोन इडल्यांचे तुकडे करून प्रत्येकाला आणखी दोन तृतीयांश. भागाकार तिन्हीकडे सारखा, उत्तरं तीन. हे तिला एकदा मनापासून पटलं की आकडा काढून झाल्यावर ती आपोआप परत गोष्टीकडे बघायला लागेल. म्हणून उत्तर नुसतं '७' असं लिहू देऊ नका. "७ रिक्षा लागतील" असं पूर्ण वाक्य हवं. पूर्ण वाक्य लिहिताना मुलांना स्वतःची चूक पुष्कळदा दिसते.

तरीही एखादं उदाहरण अजिबात सुटत नसेल, तर त्यातले आकडे लहान करा. २४ च्या जागी ५, ८ च्या जागी २. पाच आणि दोन ती हातावर करेल, मग तीच रीत मोठ्या आकड्यांना. लहान आकड्यांनीही अडली तर राजम्याचे दाणे किंवा बटणं पुढ्यात ठेवा. चौथीत असून दाणे काय, असा विचार करू नका. हाताने मांडलेलं आधी, चित्र नंतर, चिन्हं शेवटी, हा क्रम कुठल्याही वयात चालतो.

आणि कधी कधी तिलाच उदाहरण तयार करायला लावा. "२४ वजा ८, यावर मला एक गोष्ट सांग, पण त्यात कुणी काही खायचं नाही आणि कुणाचं काही हरवायचं नाही." मुलांना वजाबाकी म्हणजे फक्त संपणं वाटतं, तुलना सुचत नाही. ही अट घातली की ती तुलनेकडे वळतात. तिने केलेलं उदाहरण बाबांनी सोडवायचं. मुलं यात फार रमतात, आणि प्रश्न तयार करणाऱ्याला प्रश्नातल्या खाचाखोचा कळतात. एखादा जादाचा आकडा घातलेलं, किंवा माहितीच अपुरी असलेलं उदाहरणही मधूनच द्या. "याचं उत्तर येत नाही" हे सांगायला मुलांना धीर लागतो. तिने तसं सांगितलं तर शाबासकी द्या.

स्कॉलरशिपची काळजी मला समजते. एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे मिनिट आणि वर काही सेकंद. ते बघून पालक आधीच घड्याळ लावतात. आत्ता लावू नका. पट्टी काढायला आज तिला पाच मिनिटं लागतील. सवयीने ती मिनिटावर येईल आणि पुढे बरीचशी चित्रं मनातच निघतील. परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी वेळ लावून जुने पेपर सोडवले की पुरे. आधीच वेग मागितलात तर ती पुन्हा शब्द बघून खूण टाकायला लागेल, कारण घाईत तेच सगळ्यात सोपं असतं.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. उदाहरण तुम्ही वाचून दाखवलं की तिला समजतं, पण स्वतः वाचल्यावर समजत नाही, असं होतंय का? तसं असेल तर अडचण वाचनाची आहे, गणिताची नाही. मग रोज थोडं मोठ्याने वाचन करून घ्या. आणि दोन-तीन महिने शांतपणे हे सगळं करूनही काहीच हललं नाही, वाचनात किंवा अंकांच्या उलटसुलटीत नेहमीच गोंधळ दिसला, तर तज्ज्ञांना दाखवायला संकोच करू नका. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे. तुमच्या पत्रावरून तरी मला तशी शंका वाटत नाही. मांडून दिलेला भागाकार जी भराभर करते, तिच्यात मला वेगळंच दिसतंय, आणि ते वर लिहिलंच आहे.

क्लास लगेच बदलू नका. आधी मॅडमना भेटा आणि नम्रपणे एवढंच सांगा की शाब्दिक उदाहरणांत तिचं कच्चं काम, चित्र, खाडाखोड वहीत राहू द्या, खोडायला लावू नका. चुकलेल्या उत्तराखाली तिने काय विचार केला होता ते विचारलंत तर बरं होईल, हेही सांगा. त्या तयार झाल्या तर उत्तम. रोज वीस उदाहरणं, बरोबर-चूक, संपलं, असंच चालणार असेल तर वर्ष संपल्यावर बदला, आणि नव्या ठिकाणी फी विचारण्याआधी विचारा की एका तासात किती उदाहरणं घेता. जितका लहान आकडा सांगतील तितकं चांगलं.

रविवारचे दोन तास नकोत. थकलेली चौथीतली मुलगी आणि थकलेले आईबाबा, यांत गणिताचं नाव बदनाम होतं. दुपारी आजोबांबरोबर रजिस्टर, पाच-दहा मिनिटं. तुम्ही आल्यावर, जेवणाआधी किंवा नंतर, एक उदाहरण, फार तर दोन. ज्या दिवशी तुम्हाला लोकलमध्ये उभं राहून यावं लागलं असेल, त्या दिवशी तेही सोडून द्या. रविवारी बाबांनी एक अवघड उदाहरण घ्यावं, पट्टी तिने काढावी, पेन्सिल तिच्याच हातात असावी. अर्ध्यावर अडली तर वही मिटून ठेवा आणि सोमवारी पुन्हा उघडा. अर्धवट सोडलेलं उदाहरण मुलांच्या डोक्यात घोळत राहतं, आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्यांना ते सुटलेलं असतं.